एक्केचाळिसावा दिवस

सहावा उपग्रह एक्केचाळिसाव्या दिवशी चंद्रावर आपटला.

आपटला तो हिस्केच्या पडद्यावर. खरा उपग्रह अजून चंद्रापासून चार दिवसांच्या वाटेवर होता, पुढच्या पाच भावंडांमागून मुकाट चालला होता. हॉलंडातल्या लायडनच्या कालव्याकाठी, तिसऱ्या मजल्यावर बसलेल्या एका बाईने आत्ताच त्याचं मरण पाहिलंय, हे त्याला काय ठाऊक! हिस्केने चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि गणित पुन्हा लावलं. यंत्राने चार मिनिटं घेतली आणि तेच सांगितलं. एक्केचाळीस दिवस, सात तास. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तिने पडद्याकडे पाहिलंच नाही, खिडकीतून खाली बघत राहिली. एक बाई सायकलच्या पुढच्या पेटीत दोन पोरं घालून वाऱ्याशी झुंजत पुलावर चढत होती. ती पलीकडे उतरेपर्यंत हिस्केने दम धरला आणि मग वळून पाहिलं.

एक्केचाळीस.

 हातांना घाम सुटला. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात हिस्केच्या हातांना कामावर कधी घाम सुटला नव्हता. सुटायचा तो दुसऱ्यांच्या, तिच्यासमोर उभं राहिल्यावर.

सहा छोटे उपग्रह चंद्राभोवती फिरवायचे, त्याच्या अंगावर रोज नव्याने आदळणारे धोंडे आणि त्यांनी पाडलेले खड्डे टिपायचे, हे काम. सहांच्या सहा वाटा एकमेकींत विणायच्या, म्हणजे चंद्राचा कुठलाच कोपरा फार वेळ नजरेआड राहणार नाही. ती वीण हिस्केची. या मजल्यावर अकरा माणसं, त्यातली नऊ डॉक्टर, औषधाची नव्हेत, पुस्तकांची. हिस्केने पंधराव्या वर्षी तिकडे उत्तरेला, फ्रीसलंडातल्या फ्रानेकरची शाळा सोडली होती. यंत्राला खायला घालायच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायला म्हणून ती या धंद्यात शिरली, आणि भोकं पाडता पाडता ती कशाची आहेत हे तिला कळायला लागलं. आता नऊ डॉक्टर आपापली गणितं घेऊन तिच्या टेबलापाशी यायचे आणि मान खाली घालून परत जायचे.

चूक काय झाली, ते तिला पहिल्याच वेळी दिसलं होतं. दिसलं होतं म्हणून तर तिने तीनदा लावलं. चंद्र वरून गोल आणि शहाणा दिसतो, पण त्याच्या पोटात जागोजाग जड गाठी आहेत. त्या जवळून जाणाऱ्याला खाली ओढतात, एका फेरीत थोडं, पुढच्या फेरीत अजून थोडं. यंत्रात म्हणून दोन चंद्र ठेवलेले असतात. एक सपाट चंद्र, कच्च्या आखणीसाठी, भराभर चालतो. दुसरा गाठींचा, खरा, सावकाश चालतो. पहिली रेघ सपाटावर ओढायची आणि शेवटचा शब्द गाठींच्या चंद्राकडून घ्यायचा, हे इथे पोरासोरांनाही पाठ. आखणीत एकेका उपग्रहाची एकेक ओळ; पाच ओळींपुढे लिहिलेलं होतं, गाठींचा. सहाव्या ओळीपुढे अजून सपाटच होता. जानेवारीत सगळे एका खोलीत बसून आखणी करत होते, तेव्हा शेवटच्या दिवशी गिऱ्हाइकाने आपल्या एका मैदानावर नजर ठेवायला सहावा मागितला, आणि हिस्केने वरची, तेव्हा अजून कच्चीच असलेली ओळ उतरवून वाटेचा कल तेवढा बदलला. बासष्ट अंश. सपाट चंद्रावर बासष्ट अंशांचा उपग्रह शंभर वर्षं फिरेल. गाठींच्या चंद्रावर एक्केचाळीस दिवस.

दुपारी दोनच्या आत सहाव्याला शेवटची दुरुस्ती पाठवायची होती. त्याने आपलं चिमुकलं इंजिन अकरा सेकंद पेटवायचं. आत्ता केसभर वळला तर चार दिवसांनी चंद्राला हव्या त्या अंगाने गाठेल. एकदा चंद्राने धरलं की कल बदलायला जेवढं इंधन लागतं, तेवढं त्याच्या पोटात कधी भरलेलंच नव्हतं. दोनला स्पेनमधल्या संदेश धाडणाऱ्या तबकडीची पाळी संपत होती. पुढची पाळी परवा. तोवर वळणं दुपटीने महाग होणार होतं, आणि ते झेपणारं नव्हतं.

सव्वादहा वाजले होते.

तिने जानेवारी आठवून पाहिला. सगळं आठवलं. खिडकीच्या कडेवर साचलेला बर्फ, रुलोफचा खोकला, एव्हर्टच्या दोन पायांत दोन रंगांचे मोजे. सहाव्या ओळीचा चंद्र बदलायचा राहिला, हे मात्र आठवेना. विसरले की पाहिलंच नाही? उपग्रहामागे आणखी एक भीती उभी होती आणि ती जुनी होती.

तिची आई फ्रानेकरजवळच्या कालव्यावर पुलाची राखणदार होती. बोट आली की पूल उचलायचा, गेली की खाली सोडायचा. तीस वर्षांत एक बोट अडली नाही. पासष्टाव्या वर्षी एका सकाळी तिने पूल उचलला आणि बोटच नव्हती. दोन्ही तीरांवर सायकलवाले, दूधवाले, शाळेची पोरं ताटकळत उभी, आणि आई कठड्यावरून ओरडतेय, "आंधळे आहात का? एवढी मोठी बोट दिसत नाही?" त्यानंतर सहा वर्षं ती जगली, पण हिस्केला तिने पुन्हा नावाने हाक मारली नाही.

"हिस्के! केक!"

एव्हर्टला आज पन्नास पूर्ण झाली होती. त्याच्या खुर्चीत सगळ्यांनी मिळून, पन्नाशीला बसवायची इथली रीत आहे तसा, पेंढ्याचा म्हातारा बसवला होता, डोक्यावर टोपी, गळ्यात टाय. खुर्च्या गोल मांडलेल्या आणि इथल्या रीतीने जो तो दुसऱ्याचा हात हातात घेऊन त्याचंच अभिनंदन करतोय.

"हिस्के, अभिनंदन! आपला एव्हर्ट पन्नासचा झाला," रुलोफ म्हणाला. रुलोफ या सगळ्यांचा मुख्य. उंच, वाकलेला, सदा सर्दीने बेजार.

"मी काय केलं त्यात? त्याच्या आईला सांग."

हशा पिकला. जीभ आपोआप चालत होती. हिस्केला वाटलं, ही माझी जीभ माझ्याशिवायही चालेल.

"राणीसाहेब, मोठा तुकडा घ्या," एव्हर्टने ताटली पुढे केली. एव्हर्ट इंधनाचा हिशेब बघायचा आणि उरलेल्या वेळात लोकांच्या खोड्या काढायचा. "तुमच्या फ्रीसलंडात असला केक मिळत नाही."

"आमच्याकडे केकमध्ये लोणी घालतात. तू काय घातलंस, सिमेंट?"

"बायकोने केलाय."

"मग बरोबर. तुला चुलीपाशी उभं करणार नाही ती, शहाणी आहे."

तिने घास तोंडात घातला.  कॉफीच्या घोटाबरोबर तो खाली ढकलला.

"सहाव्याचं तुझं झालंय ना?" रुलोफने नाक पुसत विचारलं. "मार्लूसची खूण पडली की मी पाठवायच्या रांगेत लावतो."

सगळे ऐकत होते. एवढंच म्हणायचं होतं की थांब.

"झालंय," हिस्के म्हणाली.

 आपल्या जागेवर परतताना तिने भिंतीला हात लावून ठेवला, कोणाला दिसणार नाही असा. आठ महिन्यांनी निवृत्ती. सहावा पडला तर लोक म्हणतील, चंद्राच्या गाठींनी खाल्ला, असं होतं कधी कधी. कोणी जुनी ओळ उघडून बघणार नाही. नाहीतर दुसरा मार्ग. आत्ता, कोणाला न सांगता, कल बदलून टाकायचा. नियम एवढाच की दुसऱ्या माणसाने तीच वाट स्वतःच्या यंत्रावर, अगदी पहिल्यापासून चालवून बघायची आणि जुळलं तर खूण करायची. दुसरी नजर म्हणत त्याला.

दुसरी नजर! तिने जुनी नोंद उघडली. सहाव्या ओळीला खूण होती. मार्लूस, जानेवारीची सव्वीस तारीख.

क्षणभर तिला एवढं बरं वाटलं की लाज वाटली. म्हणजे ती एकटी आंधळी नव्हती. मग राग आला. राग तिला ओळखीचा होता, त्याच्या आधाराने ती उठली.

"मार्लूस, जरा जिन्यात ये."

मार्लूस चव्वेचाळीस वर्षांची, डेल्फ्टची डॉक्टर, दोन पोरांची आई. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मी काय केलं?"

जिन्यात ओल्या कोटांचा वास होता. हिस्केने दार लावून घेतलं.

"सहाव्याला दुसरी नजर तुझी. कुठल्या चंद्रावर चालवलास?"

मार्लूस कोटांकडे बघत राहिली. "कळलं तर तुम्हाला."

"काय कळलं? सरळ बोल, मला वेळ नाही."

"पहिल्यांदा गाठींच्याच चंद्रावर चालवला होता. चाळीसेक दिवसांत पडला."

 हिस्केने कठडा घट्ट धरला.

"मग मला वाटलं, माझंच चुकलंय. तुमची ओळ कशी चुकेल? तीन दिवस माझी चूक शोधत बसले. सापडेना. मग सहज सपाट चंद्र लावून बघितला तर तुमच्याशी तंतोतंत जुळलं, शेवटच्या आकड्यापर्यंत. म्हटलं, असेल काहीतरी कारण. त्यांना माहीत असेल, मला नसेल. आणि केली खूण."

"अगं, डॉक्टर ना तू?"

"त्याने काय होतं? तुमच्यासमोर डॉक्टर असून काय होतं?"

"माझ्याकडे यायला कोणी पाय बांधले होते तुझे?"

"आले होते मी."

खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली.

"कधी?" हिस्केने विचारलं. आवाज तिला स्वतःलाच बारीक वाटला.

"खूण करायच्या आधीच्या गुरुवारी. तुम्ही वाटाण्याचं सूप घेऊन बसला होतात. मी म्हटलं, हिस्के, सहावा माझ्या गणितात खाली येतोय. तुम्ही मान वर केली नाहीत. म्हणालात, पोरी, आधी चंद्र कुठे आहे ते शोध, मग उपग्रह शोध. सगळे हसले. एव्हर्ट आठवडाभर मला विचारत होता, सापडला का चंद्र."

हिस्केने आठवून पाहिलं. सूप आठवलं. त्यात सॉसेजचे तुकडे होते, आणि ते खारट झालं होतं. मार्लूस आठवली नाही. हे वाक्य आठवलं नाही. तिचंच वाक्य, शंभर जणांना म्हटलेलं, शंकाच नाही. पण तो गुरुवार, ती टेबलापाशी उभी राहिलेली बाई, तिचा प्रश्न, काही म्हणजे काही नाही. तिथे नुसती मोकळी जागा होती, दात पडल्यावर जीभ जिथे जाते तशी. मी ऐकलंच नव्हतं, की ऐकून विसरले? यातलं कुठलं जास्त वाईट, ते तिला ठरवता येईना. 

"हिस्के," मार्लूसने तिचा दंड धरला. ती कुजबुजत होती. "अजून वेळ आहे. तुम्ही ओळ बदला, मी खूण करते. कोणाला काही कळायची गरज नाही. माझी नोकरी जाईल हो. तुम्हाला तरी हे शेवटच्या वर्षाला कशाला?"

पाच मिनिटांपूर्वी हिस्के स्वतः हेच म्हणणार होती. शब्दसुद्धा हेच असते.

"चालवून नाही बघणार?" तिने विचारलं.

"आता तुम्ही बदलल्यावर काय बघायचं?"

हिस्केच्या अंगावर काटा आला. पडद्यावरचा एक्केचाळीस आकडा पाहून आला नव्हता, तेवढा. ही बाई पुन्हा डोळे मिटून खूण करणार. आणि पहिली नजर कोणाची? जिला गुरुवार आठवत नाही तिची. पूल उचलायला कोणी एकटं बसलंय, आणि तीरावरचे सगळे म्हणतायत, बोट असेलच, ती म्हणतेय ना.

तिने दार उघडलं.

आत एव्हर्ट पेंढ्याच्या म्हाताऱ्याला खुर्चीतून काढून खिडकीत बसवत होता. "ऐका," हिस्के म्हणाली. मग मोठ्याने, "ऐका! सहावा पडणार आहे. एक्केचाळिसाव्या दिवशी. ओळ माझी आहे. सपाट चंद्र लावून ठेवला मी."

 रुलोफने हातरुमाल खिशात घातला. "मघाशी तू म्हणालीस, झालंय."

"खोटं बोलले."

"तू?"

"मी. घाबरले होते. अजून घाबरलेलीच आहे, तेव्हा मला उभी करून प्रश्न विचारू नकोस. अकरा वाजून गेलेत."

"आणि दुसरी नजर?" रुलोफ मार्लूसकडे वळला. मार्लूस दारात भिंतीला टेकून उभी होती.

"दुसऱ्या नजरेला दिसलं होतं," हिस्के म्हणाली. "सांगायलाही आली होती. मी तिचं तोंड बंद केलं, आणि तुम्ही हसलात. तू पण, एव्हर्ट."

एव्हर्टने म्हाताऱ्याचा हात सोडला. पेंढा खाली सांडला.

"वाट मार्लूस आखेल," हिस्के म्हणाली. "आखताना मी यंत्राला हात लावणार नाही."

"मी?" मार्लूस म्हणाली.

"तू. चंद्र कुठे आहे ते तुला माहीत आहे."

शहात्तर अंशांवर गाठी एकमेकींना खोडतात, उपग्रहाला फारसं ओढत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. प्रश्न इंधनाचा होता. एव्हर्टने केकची ताटली बाजूला सारून गणित मांडलं. अकराऐवजी चौतीस सेकंद पेटवावं लागेल. "पुरेल," तो म्हणाला, "पण दोन वर्षांचं आयुष्य सव्वा वर्षावर येईल. आणि गिऱ्हाइकाच्या त्या मैदानावरून जाणं कमी होईल. बोंबलणार ते."

"बोंबलू देत," रुलोफ म्हणाला. "पडला तर सव्वा महिना."

 मार्लूसने आकडे घातले, गाठींचा चंद्र लावला, तो लावलाय हे मोठ्याने सांगितलं, आणि चार मिनिटं सगळे उभे राहिले. साडेबारा वाजले होते.

पडला. दोनशे तिसाव्या दिवशी.

"झालं," कोणीतरी पुटपुटलं. मार्लूसच्या डोळ्यांत पाणी आलं. हिस्के तिच्यामागे उभी होती आणि काय चुकतंय ते तिला दिसत होतं. दिसत होतं असं वाटत होतं. तिने तोंड उघडलं, मिटलं. आईलाही बोट दिसतच होती.

"वाटेचा सगळ्यात खालचा टप्पा," ती शेवटी म्हणाली, "चंद्राच्या कुठल्या अंगावर ठेवलास?"

"विषुववृत्तावर. मुळात होता तसाच."

"दक्षिणेवर नेऊन बघ. म्हणजे, मला वाटतं. खात्री नाही मला."

अख्ख्या मजल्याने वळून पाहिलं. हे शेवटचं वाक्य तिच्या तोंडून तिथे कोणी ऐकलेलं नव्हतं. मार्लूसने मात्र पाहिलं नाही. ती कागदावर काहीतरी ताडून बघत होती, ओठ हलत होते. "नुसतं नेऊन नाही भागणार," ती हळूच म्हणाली. "वाट थोडी लांबुडकी पण करायला हवी. तुम्ही म्हणता ते निम्मं आहे."

"मग उरलेलं निम्मं घाल. माझं तोंड काय बघतेस?"

एक वाजून पाच मिनिटांनी पडद्यावरचा उपग्रह सव्वा वर्ष फिरला, इंधन संपल्यावर नुसता सोडून दिला तरी आणखी वर्षभर फिरला आणि पडला नाही.

मग दुसरी नजर. ती हिस्केची. दुसऱ्या यंत्रावर, पहिल्यापासून. एव्हर्टने एकेक आकडा वाचून दाखवायचा, हिस्केने घालायचा आणि उलट वाचून दाखवायचा. सातव्या आकड्यावर ती थांबली.

"हा मी घातला का?"

"घातलात."

"नक्की?"

"नक्की, राणीसाहेब," एव्हर्ट म्हणाला, आणि त्या राणीसाहेबमध्ये या वेळी थट्टा नव्हती. तेच तिला सहन झालं नाही. चेष्टा परवडली असती.

जुळलं. तिने खूण केली. एक वाजून बावन्न मिनिटांनी रुलोफने हुकूम पाठवला, आणि काही सेकंदांत तिकडून पोच आली. पेटलं. एव्हर्ट मोठ्याने सेकंद मोजत होता. तिसावर आल्यावर सगळे त्याच्याबरोबर मोजायला लागले. चौतीसला विझलं. वेग पाहिजे तेवढा बदलला होता, एका केसाचाही फरक नाही. मार्लूस टेबलावर डोकं ठेवून रडली, आणि रुलोफने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"सोमवारी बसू आपण तिघं," तो हिस्केला म्हणाला. "काय काय झालं ते सगळं लिहून काढायचंय."

"लिही. माझं नाव मोठ्या अक्षरात लिही, लहान मला दिसत नाही."

लोक पाव आणि चीज काढून बसले, ताकाचे पेले भरले, आवाज पुन्हा चढले. हिस्के जिन्यात गेली. भीती गेली असेल असं तिला वाटलं होतं. सहाव्याची गेली होती. तिच्याखालची आता मोकळी होऊन नीट दिसत होती, आणि ती मोठी होती.

तिने आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. हे डॉक्टर खरे, औषधाचे. एका पोरीने उचलला, जन्मतारीख विचारली. हिस्केने सांगितली, न अडखळता, आणि त्याचाही तिला आधार वाटला.

"काय त्रास होतोय, बाईसाहेब?"

काय त्रास होतोय! कोण ही पोर, कालपर्यंत शाळेत असेल. जिभेवर दोन-तीन उत्तरं तयार होती. हिस्केने ती गिळली.

"जानेवारीतला एक गुरुवार आहे," ती म्हणाली. "एक बाई माझ्याशी बोलली म्हणते. मला आठवत नाही. माझ्या आईला हे झालं होतं." तिने श्वास घेतला. "मला भीती वाटतेय."

पलीकडे टकटक झाली, पोर काहीतरी लिहीत होती. "उद्या सकाळी सव्वानऊला याल? बरोबर कोणी असेल तर बरं. जवळून ओळखणारं."

हिस्केने दाराच्या काचेतून आत पाहिलं. मार्लूस नाक पुसत पावाला लोणी लावत होती.

"विचारते," ती म्हणाली. "येईल की नाही माहीत नाही. तिच्याशी मी नीट वागलेली नाही."